प्रमेय, व्यत्यास आणि थायरॉइड

भूमितीच्या तासाला आपण विद्यार्थ्यांना एक गोष्ट बजावून सांगतो. प्रमेय खरे असले म्हणजे त्याचा व्यत्यासही खरा असतोच असे नाही. प्रत्येक चौरस हा आयत असतो, पण प्रत्येक आयत चौरस नसतो. वर्गाबाहेर पडल्यावर मात्र हा धडा आपण सहज विसरतो. ‘थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले की वजन वाढते’ हे विधान वैद्यकाने पारखून घेतलेले आहे. त्याचा व्यत्यास, म्हणजे ‘वजन वाढले आहे आणि उतरत नाही, तेव्हा थायरॉइड मंदावलेले असणार’, हा बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. तरीही तो घरोघरी बोलला जातो, आणि शिक्षकांच्या खोलीतही. या चुकीच्या व्यत्यासाला सव्वाशे वर्षांहून अधिक इतिहास आहे. त्यात उत्तम विज्ञान आहे, बाजार आहे, काही मृत्यूही आहेत. तो इतिहास नीट पाहिला तर आहार, वजन आणि ही ग्रंथी यांचे खरे नाते समजायला मदत होते.

थायरॉइडला मराठी परिभाषेत अवटू ग्रंथी म्हणतात. स्वरयंत्राच्या किंचित खाली, श्वासनलिकेला पुढून बिलगून ती असते. तिचा आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा असून प्रौढ माणसात तिचे वजन सुमारे २० ग्रॅम भरते. ही ग्रंथी सुजली की गळ्याशी गाठ दिसते. तिला आपल्याकडे गलगंड हे जुने नाव आहे आणि आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत त्याचे वर्णन सापडते. म्हणजे ग्रंथी सुजते हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. ती करते काय, हे मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोणालाही माहीत नव्हते.

सुजलेले चेहरे, मंदावलेले जीव

लंडनमधील वैद्य सर विल्यम गल यांनी १८७३ साली तेथील क्लिनिकल सोसायटीपुढे एका विचित्र विकाराचे वर्णन केले. पूर्वी धडधाकट असलेल्या काही प्रौढ स्त्रियांचा चेहरा हळूहळू फुगत जातो, जीभ जाड होते, बोलणे संथ होते, थंडी सोसवत नाही आणि मन सुस्तावते, असे त्यांना आढळले होते. आल्प्स पर्वताच्या दऱ्यांत गलगंडग्रस्त आईबापांच्या पोटी खुरटी, मतिमंद मुले जन्मत. त्यांच्या अवस्थेला क्रेटिनिझम म्हणत. गल यांना या स्त्रियांत तीच छटा दिसली. योगायोग असा, की जाणूनबुजून अन्न टाकून खंगत जाणाऱ्या तरुण मुलींच्या विकाराला ‘अॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नावही याच गल यांनी त्याच सुमारास दिले.

पाच वर्षांनी, १८७८ साली, विल्यम ऑर्ड यांनी अशा एका रुग्णाच्या मृत शरीराची तपासणी केली. त्वचेखालचा भाग बुळबुळीत, श्लेष्मासारख्या पदार्थाने भरलेला होता. म्हणून त्यांनी विकाराला ‘मिक्सिडीमा’ हे नाव दिले. त्याचा अर्थ श्लेष्माची सूज. हा शब्द लक्षात ठेवावा, कारण पुढच्या सगळ्या गोंधळाचे उत्तर त्यातच दडलेले आहे. या रुग्णांच्या अंगावर जे चढत होते त्यात चरबीपेक्षा सुजेचा वाटा मोठा होता.

या सुजेचा गळ्यातील ग्रंथीशी संबंध जोडला तो शस्त्रक्रियेने, आणि तोही मोठी किंमत घेऊन. स्वित्झर्लंडमध्ये गलगंड घरोघरी होता. बर्न शहरातील थिओडोर कोखर हे गलगंडाच्या शस्त्रक्रियेत निष्णात होते. रक्तस्राव जपून थांबवत ते संपूर्ण ग्रंथी काढून टाकत, आणि जखमा छान भरून येत. १८७४ साली त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची ग्रंथी अशी काढली होती. पुढे जिनिव्हाचे शल्यवैद्य झाक-लुई रेव्हरदँ यांनी १८८२ साली सांगितले, की संपूर्ण ग्रंथी काढलेल्या आपल्या रुग्णांत काही महिन्यांनी विलक्षण अशक्तपणा आणि सूज दिसते. तेव्हा कोखर यांनी आपल्या जुन्या रुग्णांना परत बोलावून घेतले. ती मुलगी आली. तिची धाकटी बहीण एव्हाना उंच, तरतरीत तरुणी झाली होती. ही मात्र खुजी, सुजलेली आणि मतिमंद झाली होती. संपूर्ण ग्रंथी गमावलेले अठरा रुग्ण त्यांनी तपासले. त्यांपैकी सोळा जणांची अवस्था अशीच खालावलेली होती.

कोखर यांनी हे सारे १८८३ साली जाहीरपणे मांडले, आणि यापुढे संपूर्ण ग्रंथी काढायची नाही असे ठरवले. १९०९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते या ग्रंथीवरील कामासाठीच. स्वतःच्या शस्त्रक्रियेचे वाईट परिणाम मोजून ते जगापुढे ठेवणारा हा शल्यवैद्य विद्यार्थ्यांना अवश्य सांगावा.

त्याच वर्षी लंडनमध्ये फेलिक्स सेमन यांनी सुचवले, की आल्प्समधील क्रेटिनिझम, गल व ऑर्ड यांचा मिक्सिडीमा आणि कोखर यांच्या रुग्णांची अवस्था या तिन्हींचे मूळ एकच असावे, ते म्हणजे या ग्रंथीचे काम बंद पडणे. प्रथम या कल्पनेची टर उडाली. मग क्लिनिकल सोसायटीने एक समिती नेमली. तिने शंभराहून अधिक रुग्णांची माहिती जमवली, व्हिक्टर हॉर्सली यांचे माकडांवरील प्रयोग तपासले आणि १८८८ साली अहवाल दिला. सेमन यांचे म्हणणे बरोबर ठरले.

आठशे सत्तर मेंढ्या

कारण कळले तेव्हा उपायही सुचला. ग्रंथी नाही म्हणून विकार होतो, तर ग्रंथी द्यावी. लिस्बन येथे बेटनकोर्ट आणि सेरानो यांनी १८९० साली मेंढीच्या ग्रंथीचा तुकडा एका रुग्ण स्त्रीच्या त्वचेखाली बसवला. दुसऱ्याच दिवसापासून तिला आराम वाटू लागला. कलम रुजून त्यात रक्तपुरवठा सुरू व्हायला एवढा वेळ पुरत नाही. अर्थात गुण आला तो तुकड्यातून पाझरणाऱ्या रसाचा असला पाहिजे.

न्यूकॅसल येथील तरुण डॉक्टर जॉर्ज मरे यांनी मग तो रसच टोचायचे ठरवले. मेंढीची ताजी ग्रंथी बारीक चिरून ग्लिसरीनमध्ये भिजवायची, कापडातून पिळायची आणि तो अर्क त्वचेखाली द्यायचा, अशी त्यांची कृती होती. १८९१ साली त्यांनी ४६ वर्षांच्या एका स्त्रीवर उपचार सुरू केले. काही महिन्यांत तिचा चेहरा पूर्ववत झाला, बोलणे भराभर होऊ लागले, घाम येऊ लागला. पुढच्याच वर्षी हेक्टर मॅकेन्झी आणि एडवर्ड फॉक्स यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की टोचायचीही गरज नाही, ग्रंथी खाऊ घातली तरी तोच गुण येतो. मरे यांची ती रुग्ण त्यानंतर २८ वर्षे जगली आणि १९१९ साली वारली. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या असा हिशेब मरे यांनी मांडून ठेवला आहे.

शरीरातील एखाद्या ग्रंथीचा स्राव कमी पडला तर तो बाहेरून देऊन माणूस जगवता येतो, हे अशा ठामपणे प्रथमच सिद्ध झाले. इन्शुलिन यायला अजून तीस वर्षे होती.

वजन उतरले, पण कशाचे?

मरे आणि त्यांच्यानंतरच्या डॉक्टरांना आणखी एक गोष्ट ठळकपणे दिसली. अर्क सुरू केला की रुग्णाला लघवी भरपूर होई आणि काट्यावरचे वजन भराभर उतरे. त्याचे कारण ऑर्ड यांच्या निरीक्षणात होते. त्वचेखाली साठलेला श्लेष्मासारखा पदार्थ पाणी धरून ठेवतो. तो ओसरला की पाणी निघून जाते. परंतु काट्याला पाणी आणि चरबी यांतला फरक कळत नाही. ज्या औषधाने मिक्सिडीमाच्या रुग्णाचे वजन उतरते त्याने लठ्ठ माणसाचेही उतरेल, असा तर्क त्याच दशकात केला गेला. आपल्या चुकीच्या व्यत्यासाचा जन्म इथे झाला.

या तर्काला लवकरच प्रयोगशाळेचा आधारही मिळाला. बर्लिन येथे अॅडॉल्फ माग्नुस-लेव्ही हे माणसाने घेतलेला ऑक्सिजन आणि सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोजत होते. शरीरात अन्न ‘जळते’ तेव्हा ऑक्सिजन खर्च होतो, म्हणून ऑक्सिजन मोजला की ऊर्जेचा खर्च कळतो. त्यांनी १८९५ साली दाखवले, की थायरॉइड खाऊ घातल्यावर विश्रांतीच्या अवस्थेतला हा खर्च वाढतो, आणि मिक्सिडीमाच्या रुग्णात तो मुळात फार कमी असतो. विश्रांतीतील या खर्चाला आज आपण मूलभूत चयापचय दर म्हणतो. विकार अगदी तीव्र असेल तर हा दर तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत खाली येतो.

हे निरीक्षण खरे आहे आणि आजही टिकून आहे. मग व्यत्यास चुकतो कुठे? तो संख्येत चुकतो. इतका तीव्र विकार आज क्वचित दिसतो. सौम्य विकारात दर थोडाच घटतो. एखाद्या स्त्रीचे शरीर विश्रांतीत दिवसाला १२०० किलोकॅलरी खर्च करत असेल आणि त्यात दहा टक्के घट झाली असे धरू. ही घट १२० किलोकॅलरींची झाली, म्हणजे साधारण एक ते दीड पोळी. शिवाय अशा रुग्णाची भूकही मंदावलेली असते. त्यामुळे चरबीची फार मोठी भर पडत नाही. थायरॉइडच्या विकाराने वाढलेले वजन साधारणपणे दोन ते पाच किलो असते आणि त्यात मीठ व पाणी यांचा वाटा मोठा असतो, असे आजचे तज्ज्ञ सांगतात. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०११ साली बारा नव्या रुग्णांचे शरीर उपचारापूर्वी आणि उपचारानंतर यंत्राने मोजले. सरासरी चार किलोंच्या आसपास वजन उतरले होते, पण चरबी होती तेवढीच राहिली होती. ऑर्ड यांनी १८७८ साली मृत शरीरात जे पाहिले त्याला जिवंत रुग्णांत असा दुजोरा मिळाला.

तेव्हा पंधरा-वीस किलो जादा वजनाचे खापर या ग्रंथीवर फोडता येत नाही. ज्यांना विकार आहे त्यांनी औषध घेतल्यावर आपण सडपातळ होऊ अशी अपेक्षा धरली तर त्यांची निराशाच होते.

ग्रंथी बाजारात येते

बाजाराला इतका धीर नव्हता. समुद्री शेवाळाचा अर्क लठ्ठपणावर देण्याची टूम फ्रान्समध्ये १८६० च्या दशकातच निघाली होती, आणि अमेरिकेत १८७८ च्या सुमारास ‘अॅलन्स अँटी-फॅट’ या नावाने तसे औषध बाटल्यांतून विकले जात होते. थायरॉइडचा प्रभाव कळल्यावर गुरांच्या वाळवलेल्या ग्रंथींच्या गोळ्या आल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘मार्मोला’ नावाच्या गोळ्या अमेरिकेत निघाल्या. त्यांत वाळवलेले थायरॉइड होते. आहार न बदलता, व्यायाम न करता बारीक व्हा, अशा त्यांच्या जाहिराती असत.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या जाहिरातींवर बंदी घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने १९३१ साली निकाल दिला तो कंपनीच्या बाजूने. औषध धोक्याचे असू शकते हे न्यायालयाने नाकारले नाही. परंतु प्रतिस्पर्धी व्यापाऱ्यांचे नुकसान सिद्ध झाल्याशिवाय त्या वेळच्या कायद्यानुसार आयोगाला हात घालता येत नव्हता. म्हणजे ग्राहकाच्या जिवाला असलेला धोका कायद्याच्या दृष्टीने पुरेसा नव्हता. हा निकाल अनेकांना बोचला, आणि १९३८ साली कायदा बदलून ग्राहकांची फसवणूक हेच कारवाईचे कारण ठरवण्यात आले. मार्मोलाच्या कंपनीविरुद्ध आयोगाला सर्वोच्च न्यायालयात यश मिळाले ते १९४२ साली.

तरीही कल्पना मेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत खास वजन उतरवण्याचे दवाखाने निघाले. तेथे रंगीबेरंगी गोळ्यांची पुडी मिळे, म्हणून त्यांना इंद्रधनुषी गोळ्या म्हणत. एका गोळीत थायरॉइड, दुसरीत भूक मारणारे अँफेटामाइन, तिसरीत लघवी वाढवणारे औषध, आणि कधी हृदयावर काम करणारे डिजिटॅलिस. थायरॉइड हृदयाचे ठोके वाढवते, लघवीच्या औषधाने शरीरातील पोटॅशियम घटते, आणि पोटॅशियम घटलेल्या हृदयाला डिजिटॅलिस घातक ठरते. मृत्यूंची प्रकरणे पुढे आली, १९६८ साली अमेरिकन सिनेटमध्ये चौकशी झाली आणि सरकारने या गोळ्यांचे साठे जप्त केले. आज अमेरिकेत थायरॉइड संप्रेरकाच्या प्रत्येक औषधासोबत ठळक चौकटीतील इशारा असतो, की हे औषध लठ्ठपणावर वापरू नये.

निरोगी माणसाला हे संप्रेरक बाहेरून दिले तर होते काय? थोड्या मात्रेत काहीच होत नाही, कारण शरीर स्वतःचे उत्पादन तेवढे कमी करते. मोठ्या मात्रेत वजन उतरते, पण त्यात स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात, छातीत धडधड होते आणि हृदयाची लय बिघडू शकते. असा एक प्रयोग नकळतही घडून गेला. अमेरिकेच्या मिनेसोटा आणि शेजारच्या राज्यांत १९८४-८५ साली अनेक निरोगी लोकांना धडधड, घाम, झोप न येणे आणि वजन घटणे असा त्रास सुरू झाला. अशा १२१ व्यक्ती सापडल्या. शोध घेता घेता कारण मिळाले ते खाटीकखान्यात. गुरांच्या मानेचे मांस कापताना थायरॉइड ग्रंथीही खिम्यात जात होती. ती पद्धत थांबवताच साथही थांबली.

आहाराचा खरा वाटा

थायरॉइडचा आहाराशी संबंध नाही असे मात्र कोणी समजू नये. तो फार जवळचा आहे, फक्त तो वजनाच्या वाटेने जात नाही.

बर्नार कूर्त्वा हे फ्रेंच रसायनज्ञ नेपोलियनच्या युद्धांसाठी बंदुकीच्या दारूत लागणारा सोरा तयार करत होते. समुद्री शेवाळाच्या राखेवर तीव्र आम्ल पडताच १८११ साली त्यांना जांभळी वाफ दिसली. हे नवे मूलद्रव्य म्हणजे आयोडीन. जिनिव्हाचे डॉक्टर क्वँदे यांनी १८२० साली ते गलगंडावर वापरून पाहिले. जळके समुद्री स्पंज गलगंडावर देण्याची जुनी रीत होती, तिचे मर्म आयोडीनमध्ये असावे असा त्यांचा कयास होता. पुढे १८९६ साली ऑयगेन बाउमान यांना खुद्द ग्रंथीतच आयोडीन सापडले. एडवर्ड केंडल यांनी १९१४ च्या नाताळच्या दिवशी मायो क्लिनिकमध्ये संप्रेरकाचे स्फटिक मिळवले आणि त्याला थायरॉक्सिन नाव दिले. चार्ल्स हॅरिंग्टन यांनी १९२६ साली त्याची रचना उलगडली आणि पुढच्या वर्षी जॉर्ज बार्जर यांच्यासह ते कृत्रिमरीत्या बनवले. मेंढ्यांची गरज संपण्याचा मार्ग मोकळा झाला.

थायरॉक्सिनच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. रेणूभार ७७७, आयोडीनचा अणुभार १२७. विद्यार्थ्यांना गणित करायला सांगावे: या संप्रेरकाच्या वजनात सुमारे ६५ टक्के आयोडीन निघेल. आहारात आयोडीन नसेल तर ग्रंथी संप्रेरक बनवणार कशातून? मग मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी थायरॉइडला जास्त जोराने चालना देत राहते, आणि त्या चालनेने थायरॉइड फुगते. हाच गलगंड.

याचा पुरावा एका शहरातील शाळकरी मुलींनी दिला आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात अॅक्रन नावाचे गाव आहे. हा भाग गलगंडाच्या पट्ट्यात येई. डेव्हिड मरीन आणि ऑलिव्हर किंबॉल यांनी १९१७ पासून तेथील शाळांमधून मुलींना वर्षातून दोनदा सोडियम आयोडाइड दिले. आयोडाइड घेतलेल्या २१९० मुलींपैकी ५ जणींना गलगंड झाला. न घेतलेल्या २३०५ मुलींपैकी ४९५ जणींना. एवढा स्पष्ट फरक आमच्या संशोधनक्षेत्रात क्वचितच पाहायला मिळतो. यानंतर लवकरच, १९२२ साली स्वित्झर्लंडच्या एका प्रांतात आणि १९२४ साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, आयोडीनयुक्त मीठ सर्रास विकले जाऊ लागले.

भारतात हे काम हिमालयाच्या पायथ्याशी झाले. पावसाने आणि बर्फाने डोंगराळ मातीतील आयोडीन धुपून जाते, म्हणून तेथे गलगंड फार. डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्याचे तीन विभाग पाडले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ दिले, एकाला साधे. सुरुवातीला सर्वत्र शंभरात चाळीसच्या आसपास लोकांना गलगंड होता. काही वर्षांत आयोडीन मिळालेल्या विभागांत हे प्रमाण निम्म्याहून खाली आले, साध्या मिठाच्या विभागात ते तसेच राहिले. मग त्या विभागालाही आयोडीनयुक्त मीठ सुरू केले आणि तेथेही गलगंड घटला. दरम्यान १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला होता. आयोडीनच्या कमतरतेने गर्भातील बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, हे नुकसान गळ्याच्या गाठीपेक्षा कितीतरी मोठे आहे, हे लक्षात आल्यावर १९९२ साली कार्यक्रमाचे नावही आयोडीन-न्यूनतेच्या विकारांना धरून बदलण्यात आले.

प्रौढ माणसाला रोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. ग्राहकाच्या हाती येणाऱ्या मिठात प्रति ग्रॅम किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे असा आपल्याकडे दंडक आहे. म्हणजे नेहमीच्या जेवणातील मिठाने ही गरज बहुतांशी भागते. त्याहून जास्त आयोडीन, शेवाळाच्या गोळ्या वगैरे घेऊन ग्रंथी अधिक जोमाने चालत नाही, उलट काही जणांत बिघडते.

कोबी-फ्लॉवरविषयीही इथेच सांगून टाकू. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९२८ साली जवळजवळ केवळ कोबीवर वाढवलेल्या सशांना गलगंड झाल्याचे आढळले. या भाज्यांतील काही द्रव्ये ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात हे खरे. पण आयोडीन पुरेसे असेल आणि भाजी शिजवून नेहमीच्या प्रमाणात खाल्ली जात असेल, तर भीतीचे कारण नाही. आपण काही कोबीवर जगणारे ससे नाही.

उपाशी शरीराची काटकसर

मग पुष्कळांना प्रयत्न करूनही वजन उतरवणे जड जाते, ते का? याचे एक उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिळाले. मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ साली ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले, पण मूलभूत चयापचयाचा दर त्याहून अधिक, जवळजवळ चाळीस टक्के, खाली आला. हे तरुण थंडीने कुडकुडत, त्यांची नाडी मंद झाली होती, हालचाली संथ झाल्या होत्या.

ही लक्षणे गल यांच्या रुग्णांची आठवण करून देतात. त्यामागचा एक धागा १९७० च्या दशकात सापडला. थायरॉक्सिन हे बरेचसे साठवणीचे रूप आहे. त्यातला आयोडीनचा एक अणू निघून गेला की तीन अणूंचे अधिक प्रभावी रूप तयार होते. त्याला टी-३ म्हणतात, आणि ते १९५२ साली जॅक ग्रॉस व रोझालिंड पिट-रिव्हर्स यांनी शोधले होते. उपवासात शरीर हे रूपांतर कमी करते, असे दिसून आले. यात ग्रंथी आजारी पडलेली नसते. अन्न येणे थांबले आहे, तेव्हा खर्च आवरा, असा शरीराचा शहाणपणा त्यात आहे. दुष्काळात आपले पूर्वज तगले ते याच काटकसरीवर. कडक उपासाने वजन उतरवू पाहणाऱ्याला मात्र हीच काटकसर आडवी येते. म्हणून आहारात बेताची कपात, पुरेशी प्रथिने आणि रोजचे चालणे-फिरणे हाच मार्ग लांब असला तरी टिकाऊ ठरतो.

बाणाची दिशा

थायरॉइड खरोखर मंदावले आहे की नाही हे ठरवायला पूर्वी चयापचय दर मोजत, आणि तो मोजताना चुका फार होत. आता पीयूषिकेच्या चालना देणाऱ्या संप्रेरकाची, म्हणजे टीएसएचची, रक्तचाचणी होते. किरणोत्सारी पदार्थ वापरून रक्तातील अत्यल्प संप्रेरके मोजण्याची रीत रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस घडवली, त्यातूनच ही चाचणी पुढे शक्य झाली. यॅलो यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. थायरॉइड मंदावले की पीयूषिका ओरडून हाक मारते, टीएसएच वाढते. ती हाक आपण मोजतो.

जेथे आयोडीन पुरेसे आहे तेथे ग्रंथी मंदावण्याचे मुख्य कारण वेगळे असते. जपानचे हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली वर्णिलेल्या विकारात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करते. हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो. त्यावर मिठात किंवा आहारात बदल करून भागत नाही, थायरॉक्सिनची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्यावी लागते. ती रिकाम्या पोटी घ्यायची, आणि लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांपासून काही तास दूर ठेवायची, कारण त्या तिचे शोषण अडवतात.

अलीकडच्या अभ्यासांनी आपल्या व्यत्यासाला आणखी एक धक्का दिला आहे. लठ्ठ व्यक्तींमध्ये टीएसएच थोडेसे वाढलेले अनेकदा आढळते, आणि वजन उतरल्यावर ते आपोआप खाली येते. म्हणजे कित्येकांच्या बाबतीत लठ्ठपणा हे कारण असते आणि टीएसएचमधील किरकोळ वाढ हा परिणाम. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे बाण कोणत्या दिशेला आहे ते कळत नाही. ते वेगळे तपासावे लागते.

या साऱ्या इतिहासात दोन अन्याय दिसतात. ज्यांना विकार नव्हता अशा लठ्ठ माणसांना ग्रंथीच्या गोळ्या देऊन काहींचे प्राण घेतले गेले, हा एक. दुसरा अन्याय उलट बाजूचा आहे, आणि तो आपल्या वर्गात घडू शकतो. उंची वाढेनाशी झालेली, कायम दमलेली, थंडीत सर्वांआधी स्वेटर घालणारी, अलीकडे अभ्यासात मागे पडलेली मुलगी आपल्याला आळशी वाटते. तिचे वजन कदाचित फारसे वाढलेलेही नसेल, आणि म्हणून थायरॉइडचा विचार कोणाच्या मनातही येणार नाही. काट्याकडे पाहत बसलो तर अशी मुले निसटतात. अशा वेळी पालकांना बोलावून, रागावण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवा आणि टीएसएच तपासून घ्या, एवढे शिक्षकाने सांगितले तरी पुष्कळ झाले. वाढीच्या वयात वेळेवर उपचार मिळाला तर मूल पुन्हा उभारी धरते. कोखर यांच्या त्या अकरा वर्षांच्या मुलीला ही गोळी उपलब्ध नव्हती. आपल्या वर्गातील मुलीला ती आहे.